बाबांच्या गोळ्या, हळदीच्या कॅप्सूल आणि लायब्ररीतला डेटाबेस

पळसफूल

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहिते आहे, पण घरात वडीलधारे असतील तर कृपया शेवटपर्यंत वाचा.

माझे बाबा 71 वर्षांचे. आम्ही नागपूरला, प्रतापनगरात राहतो. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची झडप बदलली, धातूची बसवली. तेव्हापासून रोज रात्री नऊला वॉरफेरीन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी. ज्या घरात ही गोळी असते तिथे आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासणीचा, आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो. बाबांचा अडीच ते साडेतीनच्या मधे ठेवायचा आहे. खाली गेला तर झडपेवर गुठळी व्हायची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. नऊ वर्षांतला प्रत्येक आकडा त्यांनी तारखेसकट एका निळ्या वहीत लिहून ठेवलाय.

यंदा जानेवारीत गुडघे धरले. सकाळच्या फिरण्यातल्या मित्राने हळदीच्या कॅप्सूलची बाटली आणून दिली, स्वतःला गुण आला म्हणून, अगदी प्रेमाने. तीन आठवड्यांनी दाढी करताना बाबांच्या हनुवटीला बारीकसं कापलं. तुरटी फिरवली, कापूस दाबून धरला, अर्धा तास झाला तरी रक्त थांबेना. आईने बनियनची बाही वर सरकवली तर दंडावर रुपयाएवढे काळेनिळे डाग. आयएनआर निघाला 6.8.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काका, नवीन काही औषध सुरू केलंत का?" बाबा म्हणाले, "नाही." ते खोटं बोलत नव्हते. हळद त्यांच्या लेखी औषधात मोडतच नाही. रात्री घरी येऊन मी औषधांचा डबा पलंगावर पालथा केला तेव्हा ती बाटली हाती लागली.

कॅप्सूलमुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण दुसरं कुठलंही कारण सापडलं नाही, खाणंपिणं बदललं नव्हतं, ताप नव्हता, अँटिबायोटिक नव्हतं. कॅप्सूल बंद केल्या, वॉरफेरीन दोन दिवस थांबवलं, पाचव्या दिवशी आकडा 3.1 वर आला.

पुढचा आठवडा मी इंटरनेटवर शोधत बसले. जे समोर आलं त्यातलं निम्म्याहून जास्त विकणाऱ्यांनीच लिहिलेलं. शाळेतली एक मैत्रीण इथल्याच एका फार्मसी कॉलेजात ग्रंथपाल आहे. तिला फोन केला तर म्हणाली, "गूगल बंद कर आणि इकडे ये." तिने परवानगीचा अर्ज भरून घेतला, मला एका कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि नॅटमेड नावाचा डेटाबेस उघडून दिला. पूर्वी याचं नाव नॅचरल मेडिसिन्स होतं.

हळदीचं पान उघडलं आणि मी दोन तास जागची हलले नाही. सगळ्यात वर हळदीची नावं, लॅटिन, इंग्रजी, आणि त्यातच 'हल्दी' आणि 'हरिद्रा'. मग सुरक्षितता. ती सरसकट नाही, तोंडाने घेतली तर काय, कातडीला लावली तर काय, गरोदर बाईने घेतली तर काय, असं सुटं सुटं. मग उपयोग, आणि इथे प्रत्येक आजाराला वेगळा शेरा. 'परिणामकारक' पासून 'निरुपयोगी' पर्यंत पायऱ्या आहेत, आणि जिथे अभ्यासच पुरेसे नाहीत तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं. गुडघेदुखीचा शेरा वेगळा, मधुमेहाचा वेगळा. एकच वनस्पती एका ठिकाणी 'बहुधा उपयोगी' आणि दुसऱ्या ठिकाणी 'पुरावा अपुरा' असू शकते, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

खाली गेल्यावर औषधांशी होणाऱ्या आंतरक्रियांची यादी लागली. त्यात वॉरफेरीन होतं. समोर कारण आणि ज्यावरून हे म्हटलंय त्या अभ्यासांचे दुवे. न्यूझीलंडच्या औषध नियामकांनी 2018 मध्येच इशारा दिलेला आहे. तिथे वॉरफेरीनवर असलेल्या एका रुग्णाने हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि आयएनआर 10 च्या वर गेला. 2018! आणि आमच्या घरात ती बाटली आली तेव्हा आम्ही म्हणालो, घ्या, हळदच तर आहे.

म्हणून हा धागा. असे डेटाबेस कोण वापरतं, कसे वापरता, सगळ्यांना कॉलेजच्या लायब्ररीत जाता येणार नाही तर घरबसल्या काय मिळतं, ते इथे लिहा. माझ्यासारख्या पुष्कळ मुली-मुलांना याची गरज आहे.

अंबाझरी_पहाटे

बाबांना बरं वाटतंय हे वाचून बरं वाटलं. पण ताई, एक शंका. हळद आपण पिढ्यान्‌पिढ्या खातोय. वरणात हळद, भाजीत हळद, खोकला आला की दुधात हळद. तुमचे बाबाही नऊ वर्षं वॉरफेरीनसोबत हळदीचं वरण खातच होते की. मग अचानक हळदच दोषी कशी?

पळसफूल

शंका अगदी बरोबर आहे. मलाही हीच पडली होती. मी गणित शिकवते, म्हणून बाटलीवरचे आकडे घेऊन बसले.

एका कॅप्सूलमध्ये 500 मिलिग्रॅम अर्क, त्यात 95 टक्के कर्क्युमिनॉइड्स, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याच्या जातीचे हळदीतले पिवळे घटक. म्हणजे 475 मिलिग्रॅम. बाबा दिवसाला दोन घ्यायचे, म्हणजे 950. आपल्या डब्यातल्या हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के असतं. तेव्हा 950 मिलिग्रॅम हळदीच्या पुडीतून मिळवायचं तर तीस ग्रॅमच्या वर हळद खावी लागेल. एका दिवसात! आपण वरण-भाजी मिळून माणशी दोन-तीन ग्रॅमच्या वर जात नाही.

आणि हे अर्धंच झालं. कॅप्सूलमध्ये काळ्या मिरीचा अर्कही होता. 1998 मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी माणसांवर प्रयोग करून दाखवलं की 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पिपरीन, म्हणजे मिरीतला तिखट घटक, दिलं तर शरीरात शोषलं जाणारं कर्क्युमिन 20 पटींनी वाढतं. बाटलीवर हीच गोष्ट मोठ्या अक्षरात, वैशिष्ट्य म्हणून छापलेली असते. पण पिपरीन यकृतातल्या ज्या यंत्रणेला आवर घालतं, तीच यंत्रणा कित्येक ॲलोपॅथीच्या औषधांचाही निचरा करते. ते बाटलीवर नसतं.

तेव्हा वरणातली हळद आणि कॅप्सूलमधली हळद या नावापुरत्याच एक आहेत.

तर्रीपोहे

ताई, वाचून अंगावर काटाच आला न जी. माह्या बायकोले थायरॉइड हाये, सहा वर्सं झाले 75 ची गोळी चालू हाये. आता दोन महिन्यांपासून थकवा येते म्हणून तिच्या बहिणीनं अश्वगंधा आणून देल्ली. मी काही कॉलेजात जाऊ शकत नाही, दुकान सोडून कसा जाऊ? मोबाईलवर फुकटात पाहाले मिळन असं काही हाये का? अन् इंग्रजी लय कठीण नको.

पुस्तकघर

धाग्यातली ती मैत्रीण मीच. अठरा वर्षं या कामात आहे, त्यामुळे थोडं सविस्तर.

भाऊ, आधी तुमच्या प्रश्नाबद्दल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं आहारपूरकांसाठी वेगळं कार्यालय आहे, 1995 पासून. ऑफिस ऑफ डायटरी सप्लिमेंट्स. त्यांची माहितीपत्रकं मोबाईलवर फुकट उघडतात आणि बहुतेक पत्रकं दोन प्रकारची असतात, डॉक्टरांसाठी वेगळी, सामान्य माणसासाठी सोप्या इंग्रजीत वेगळी. अश्वगंधेचं पत्रक आहे. त्यात थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांना सावध केलेलं आहे, कारण अश्वगंधेने थायरॉइडचे हार्मोन वाढू शकतात. 2018 मध्ये भारतातच 50 रुग्णांवर आठ आठवड्यांचा अभ्यास झाला, रोज 600 मिलिग्रॅम अर्क दिला, आणि हार्मोनचे आकडे खरंच वाढलेले आढळले. ते रुग्ण गोळी न घेणारे होते, थायरॉइड किंचित कमी असलेले. तिथे ती चांगली गोष्ट म्हणून मांडली आहे. पण वहिनी आधीच 75 ची गोळी घेताहेत, त्यावर ही भर पडली तर छातीत धडधड, झोप उडणं असं होऊ शकतं. घाबरू नका. बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा आणि टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. हार्मोन जास्त झाले की टीएसएचचा आकडा खाली जातो.

आता डेटाबेसबद्दल. नॅटमेडला वर्गणी लागते आणि ती चांगलीच जड आहे. आमच्याकडे तो कॅम्पसच्या नेटवर्कवरच चालतो, बाहेरून उघडत नाही. बाहेरच्या माणसाला आम्ही ग्रंथपालाच्या परवानगीने आवारात बसून वाचू देतो. प्रत्येक कॉलेजची पद्धत निराळी असते, पण फोन करून विचारायला काहीच हरकत नसते. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, एम्स आहे, सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, फार्मसीची कॉलेजं तर किती. तुमचा मुलगा-पुतण्या यातल्या कुठे शिकत असेल तर त्याला लायब्ररीत काय काय उपलब्ध आहे ते विचारायला सांगा. मुलांना आपल्या लायब्ररीत काय भरून ठेवलंय याचा पत्ता नसतो, हे मी रोज बघते आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. 1 जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय. सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना 30 प्रकाशकांची सुमारे 13 हजार नियतकालिकं त्यातून मिळतात. म्हणजे एखाद्या अभ्यासाचा नुसता सारांश न वाचता अख्खा लेख वाचायचा तर तेही आता पुष्कळ ठिकाणी शक्य आहे.

फुकटातलं आणखी सांगते. पबमेड सगळ्यांना माहीत असेल, 1997 पासून जगभर खुलं आहे आणि साडेतीन कोटींहून जास्त नोंदी त्यात आहेत. पण तिथे गल्लत होते. पबमेड म्हणजे नुसती लेखांची सूची. कुठला लेख चांगला, कुठला सुमार, हे ते सांगत नाही. नॅटमेडसारख्या डेटाबेसमध्ये तज्ज्ञांनी ते लेख वाचून, तोलून शेरा दिलेला असतो. पबमेडमध्ये 'हळदीने गाठ विरघळली' असा मथळा सापडतो, आत बघावं तर उंदीर, किंवा काचेच्या बशीतल्या पेशी. म्हणून तिथे शोध घेताना डावीकडच्या गाळण्यांत 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू', म्हणजे एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तोलणारे लेख, निवडा, आणि 'ह्यूमन्स' निवडा. हजारो लेखांचे पाच-पंचवीस उरतात. तेवढे वाचता येतात.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयाचा 'अबाउट हर्ब्स' फुकट आहे. घरात कुणाची केमो सुरू असेल तर आधी तो उघडा. यकृतासाठी 'लिव्हरटॉक्स', 2012 पासून चालू. त्यात औषधांबरोबर वनस्पतींचीही पानं आहेत, हळदीचं आहे, अश्वगंधेचं आहे. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तोलणाऱ्या कोक्रेन या संस्थेचे सारांशही कुणालाही वाचता येतात.

दूरची_वऱ्हाडीण

मी धरमपेठेतली, आता अमेरिकेत. इथे आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड असलं की घरून नॅटमेड उघडतं. कार्ड फुकट. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चकित झाले होते, गोष्टीची पुस्तकं आणायला जायचो त्या वाचनालयात हेही असतं! आईच्या सगळ्या गोळ्या आणि ती घेते ते त्रिफळा, मेथीदाणे, कॅल्शियम, सगळं त्यातल्या तपासणी यादीत भरलं. मेथीच्या पुढे मधुमेहाच्या गोळीबरोबर साखर जास्त उतरू शकते असं आलं. आईला दुपारी चारला घाम फुटून हातपाय थरथरायचे, आम्ही ते नागपूरच्या उन्हावर ढकलत होतो.

एक अडचण मात्र सांगते. आईची एक वटी आहे, तिच्यात अकरा वनस्पती. वटीच्या नावाने तिथे काहीच मिळत नाही. एकेक वनस्पती सुटी शोधावी लागते.

आणि पुस्तकघर ताई, इथल्या कुणाला हवं असेल तर माझा लॉगिन देऊ का?

पुस्तकघर

नको गं. कार्ड तुझ्या नावावर आहे, लॉगिन वाटला तर करार मोडतो आणि वाचनालयाला त्रास होतो. तू वाचून इथे सांग, ते चालेल.

वैद्य_महाल

मी महालात आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो. सगळं वाचलं. पळसफूल ताईंच्या वडिलांच्या बाबतीत जे झालं ते गंभीर आहे, आणि धातूची झडप असलेल्या माणसाला मी कर्क्युमिनचा अर्क कधीही देणार नाही. पण दोन गोष्टी मांडतो, राग मानू नये.

पहिली, 'पुरावा अपुरा' याचा अर्थ 'उपयोग नाही' असा होत नाही. अभ्यास कमी झाले, लहान झाले, नीट झाले नाहीत, एवढाच अर्थ. माझ्याकडे लोक मोबाईल पुढे करून म्हणतात, बघा, तुमचं औषध नापास. ते नापास नाही, परीक्षेलाच बसलेलं नाही.

दुसरी. हे डेटाबेस सुट्या वनस्पतीचा, बहुतेक वेळा सुट्या अर्काचा विचार करतात. आम्ही रुग्णाची प्रकृती, अग्नी (पचनशक्ती), ऋतू, अनुपान (औषध कशाबरोबर घ्यायचं ते) बघून औषध ठरवतो. हळकुंडाचं चूर्ण तुपाबरोबर आणि 95 टक्क्यांचा अर्क, यांना आम्ही एक समजत नाही. ताईंनी वर केलेला हिशोब अगदी तेच सांगतो. त्या कॅप्सूलला आयुर्वेद म्हणणं हाच अन्याय आहे.

आपल्याकडचेही शोध घ्यायचे मार्ग आहेत. आयुष रिसर्च पोर्टल आहे, आयुर्वेदाच्या शोधलेखांसाठी 'धारा' आहे. केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेचं 'ई-निघंटु' आहे, त्यात जुने निघंटु, म्हणजे औषधी वनस्पतींचे कोश, शोधता येतात. आणि पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी, टीकेडीएल, ती तर हळदीमुळेच जन्माला आली म्हणा ना. हळदीने जखम भरते याचं पेटंट अमेरिकेत 1995 मध्ये दिलं गेलं होतं. डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे दाखले देऊन ते लढवलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. पुन्हा अशी वेळ नको म्हणून 2001 पासून हे संकलन सुरू झालं.

पळसफूल

वैद्यजी, राग कसला! 'पुरावा अपुरा' बद्दलचं तुमचं म्हणणं मी वहीत उतरवून घेतलं.

पण एक विचारते. उपयोगाचा पुरावा अपुरा असला तरी अपायाची एखादी नोंद मिळाली, तर ती मला घरात थांबायला पुरेशी वाटते. उपयोगासाठी मी वाट बघू शकते, बाबांचं रक्त वाहायला लागलं तर वाट बघता येत नाही. म्हणून डेटाबेस उघडला की मी 'उपयोग' हा भाग आता शेवटी वाचते. आधी आंतरक्रिया, मग सुरक्षितता. यात माझं काही चुकतंय का?

आणि गुळवेलीबद्दलही तुमचं मत हवं आहे. कोविडच्या वेळी आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर काढा उकळत होता.

वैद्य_महाल

चुकत नाही. तुमच्या जागी मीही आधी आंतरक्रियाच बघेन.

गुळवेलीचं जे घडलं ते सरळ सांगतो. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले 6 रुग्ण प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की ती खरी गुळवेल नसावी, टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची भावंड वनस्पती असावी, दोन्ही वेली दिसायला सारख्या. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. पुढे 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांचे 43 रुग्ण एकत्र प्रसिद्ध झाले, आणि त्यात खऱ्या गुळवेलीशीच संबंध दाखवला होता. स्वतःच्याच पेशींवर शरीर उलटतं अशा प्रकारचे आजार ज्यांच्यात आधीच दबा धरून होते, त्यांच्यात ते उफाळून आले असं लेखकांचं म्हणणं आहे. मी ते वाचल्यापासून थायरॉइड, सांधेवात, सोरायसिस असं काही असेल तर गुळवेल देण्यापूर्वी यकृताची तपासणी बघतो, आणि महिनोन्‌महिने देत नाही. आमच्यातले काही जण हे मान्य करत नाहीत. मी करतो. नाडी बघणाऱ्याने कागदही बघावा.

इतवारीकर

आमचं इतवारीत काष्ठौषधींचं दुकान आहे, आजोबांपासून. मला इथे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते नाव. डेटाबेस कितीही चांगला असो, गिऱ्हाईक त्यात चुकीचं नाव टाकत असेल तर उत्तरही चुकीचंच मिळणार.

शंखपुष्पी घ्या. कुठून माल आला त्यावर ती कधी कॉन्व्हॉल्वुलस, कधी इव्हॉल्वुलस (आपण जिला विष्णुक्रांता म्हणतो), आणि कुणी कुणी तर गोकर्णही याच नावाने विकतो. तीन वेगळ्या वनस्पती! ब्राह्मी मागितली तर एक माणूस जलब्राह्मी समजतो, म्हणजे बॅकोपा, आणि दुसरा मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला. बाई कलोंजी मागायला येते, म्हणते काळं जिरं द्या, आणि घरी सासू म्हणते कडू जिरं आणलंस का. कलोंजी वेगळी, कडू जिरं वेगळं, शहाजिरं आणखी वेगळं. मोबाईलवर फोटो घेऊन येतात, फोटो एकाचा आणि खाली नाव दुसऱ्याचं.

वडील प्रत्येक बरणीवर आतून एक चिठ्ठी चिकटवायचे, कुठल्या गावचा माल आणि कुठलं अंग, मूळ की साल की पान. अंगानेही फरक पडतो. अश्वगंधेचं मूळ मागतात, पण आता पानांचा अर्कही बाजारात येतो.

एक प्रश्न पुस्तकघर ताईंना. आमच्याकडे विजयसारच्या लाकडाचे पेले खूप जातात. रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी तांबूस-निळसर झालेलं प्यायचं, मधुमेहासाठी. लोक मला विचारतात, खरंच उतरते का साखर? मी सांगतो, लोक नेतात बुवा. हे उत्तर मला स्वतःलाच पटत नाही. याचं काही सापडेल का?

पुस्तकघर

सापडलं. आणि तुमच्या म्हणण्याचाच पुरावा मिळाला. आधी मुद्दाम 'बिजासार' टाकलं, मग 'विजयसार' वेगवेगळ्या स्पेलिंगने टाकलं, हाती जेमतेम काही लागलं. मग ई-निघंटुवरून शास्त्रीय नाव घेतलं, टेरोकार्पस मार्सुपियम, आणि रांग लागली. लेबलवर किंवा निघंटुत जे शास्त्रीय नाव असतं, अक्षर न् अक्षर तेच टाकायचं, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा.

त्यात एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या आयसीएमआरचाच, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, आहे, 1998 मध्ये प्रसिद्ध झालेला, देशातल्या चार केंद्रांवर. नव्यानेच मधुमेह कळलेल्या 97 जणांना विजयसारचा अर्क दिला. 12 आठवड्यांत 67 जणांची साखर आटोक्यात आली, म्हणजे 69 टक्के. वाचून कुणालाही वाटेल, झालं, सिद्ध झालं. पण मथळ्यातच 'ओपन ट्रायल' लिहिलंय. म्हणजे औषध दिलंय हे रुग्णालाही माहीत, डॉक्टरलाही माहीत. आणि या अभ्यासात तुलनेसाठी औषध न दिलेला गटही नव्हता. मधुमेह नुकताच कळलेला माणूस गोड सोडतो, चालायला लागतो, त्याने किती उतरली आणि विजयसारने किती, हे यातून वेगळं काढता येत नाही. शिवाय त्यांनी मोजून अर्क दिला होता. रात्रभर पेल्यात ठेवलेल्या पाण्यात किती उतरतं, पेला जुना झाल्यावर किती उतरतं, ते कोण मोजणार?

तेव्हा गिऱ्हाइकाला सांगा की आशेला जागा आहे, पण गोळी बंद करण्याइतका पुरावा नाही. आणि गोळीबरोबर पेलाही सुरू करणार असाल तर साखर आठवड्यातून दोनदा तपासा.

धंतोली_फार्मासिस्ट

काउंटरच्या या बाजूने थोडं. थायरॉइडची गोळी आणि इसबगोल किंवा कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या एकत्र घेऊ नका, गोळी नीट शोषली जात नाही. मधे चार तास जाऊ द्या. ज्येष्ठमध रोज चघळणाऱ्यांचा रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. लघवीची गोळी घेणाऱ्यांनी तर नकोच. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी लॅबला सांगा, थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिनचे आकडे चुकीचे येऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने 2017 मध्येच तसं कळवलंय.

बाटली उलटी करून बघायची सवय लावा. 14 आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना असेल तर ते कायद्याने अन्न आहे, औषध नाही. 'आयुर्वेदिक औषध' असेल तर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. दिसायला दोन्ही बाटल्या सारख्याच असतात.

आणि पळसफूल ताई, बाबांची नोंद केली का? भारताच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाचा 1800-180-3024 हा फुकट क्रमांक आहे, कुणीही कळवू शकतं. अशा नोंदी होतात म्हणूनच डेटाबेसमध्ये ती ओळ येते. न्यूझीलंडच्या त्या माणसाची कुणीतरी नोंद केली, म्हणून तुम्हाला ती वाचायला मिळाली.

तर्रीपोहे

काल बाटली घेऊन डॉक्टरकडे गेलो. टीएसएच एकदम खाली गेलेला निघाला. डॉक्टरनं अश्वगंधा बंद कराले लावली, सहा आठवड्यांनी परत तपासू म्हणाले, गोळी तेवढीच ठेवली. बायको म्हणे मले रात्री झोप काहून येत नव्हती ते आता समजलं. पुस्तकघर ताई, तुमचे लय उपकार झाले.

अंबाझरी_पहाटे

मी पहिली शंका काढली होती. तो तीस ग्रॅमचा हिशोब आज सकाळी बागेत आमच्या कट्ट्यावर सांगितला. आमच्या नऊ जणांत चौघांकडे तीच कॅप्सूल निघाली. त्यातले एक जण स्टेंटवाले आहेत, दोन रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. त्यांच्या मुलाला मी स्वतः फोन केला.

पळसफूल

नोंद केली, फार्मासिस्ट दादा. फोनवर बाटलीचा बॅच क्रमांक विचारला. बाटली फेकली नव्हती म्हणून सांगता आला.

बाबांची निळी वही आता बदलली आहे. पूर्वी डाव्या पानावर तारीख आणि उजव्या पानावर आयएनआर असायचा. आता मधे एक उभी रेघ मारून तिसरा रकाना केलाय, 'गोळीशिवाय काय घेतलं'. काल त्यांनी स्वतःहून लिहिलं: आवळा कँडी, दोन. परवाचा आयएनआर 2.9.

इतवारीकर

वडिलांच्या त्या चिठ्ठ्या काढून बघितल्या. आता ठरवलंय, पुडीवर मराठी नावाखाली शास्त्रीय नाव आणि अंग छापून द्यायचं. जास्त खपणाऱ्या चाळीस नावांची यादी केली आहे. पुस्तकघर ताई, नावं तपासून द्याल का? मी यादी आणि प्रत्येकाचा थोडा थोडा नमुना घेऊन येतो.

पुस्तकघर

शनिवारी दुपारी दोननंतर या, तेव्हा माझं टेबल मोकळं असतं. अर्ज गेटवर ठेवून देते. नमुन्यांसाठी आमच्या वनौषधी विभागाच्या मॅडमना सांगून ठेवलंय, त्या सूक्ष्मदर्शक लावून बसणार आहेत. शंखपुष्पी, ब्राह्मी आणि कडू जिरं पिशवीत सगळ्यात वर ठेवा, तिथून सुरू करू. वैद्यजी, तुम्हालाही यायला जमेल का?

वैद्य_महाल

येतो. निघंटु घेऊन येतो.